कंबर दुखते, ही नोंद कुठे करायची?

नागपुरात सोमवारी पेठेतल्या राज्य कामगार विमा रुग्णालयात मी तीन-चार वेळा सकाळी जाऊन बसलो. हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर दर वेळी तेच दृश्य. बाकड्यावर जागा असते आणि माणसे भिंतीला टेकून उभी असतात. एकाला म्हटले, "बसा ना." तो म्हणाला, "बसलो का मंग उठता येत नाही, बावा. उभंच बरं."

तिथे जाण्याचे निमित्त शेजारचे एक गृहस्थ. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत अकरा वर्षे कामाला होते. लोखंडी सुटे भाग उचलून ट्रॉलीवर रचायचे, हे काम. एके दिवशी त्यांनी सुपरवायझरला सांगितले, "कंबर धरून राहिली, दोन-चार दिवस हलकं काम द्या." हलके काम मिळाले, दोन दिवस. तिसऱ्या आठवड्यात ठेकेदाराने नवी यादी लावली आणि तिच्यात त्यांचे नाव नव्हते. भांडण झाले नाही, पत्र मिळाले नाही, कोणी अपशब्दही बोलले नाही. पुढे भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढताना मुलाने मोबाइलवर नोंद उघडली, तेव्हा नोकरी सुटण्याच्या कारणापुढे ‘शॉर्ट सर्व्हिस’ असे दिसले. अकरा वर्षांची नोकरी, तिला ‘अल्प सेवा’! निवृत्तीच्या वयाआधी जो कोणी बाहेर पडतो त्याच्यापुढे सहसा हेच लिहिले जाते, हे नंतर कळले. त्याच यादीत ‘कायमचे अपंगत्व’ असाही एक पर्याय असतो. दोन्हींच्या मध्ये काही नाही. ‘दुखत होते म्हणून’ असा पर्याय कुठल्याच यादीत नाही.

या लेखाची सुरुवात त्या दोन शब्दांपासून झाली. दुखते असे सांगितल्यावर नोकरी जाते, हे कामगार वस्तीत कोणालाही विचारा, ठाऊक असते. पण कागदोपत्री असे कधी घडतच नाही. कागदावर माणूस गैरहजर राहतो, राजीनामा देतो, त्याचा ठेका संपतो, किंवा तो सततच्या आजारपणामुळे अपात्र ठरतो. दुखणे या प्रत्येक शब्दाच्या पोटात असते, वर दिसत नाही. असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. आणि नागपूरकरांना त्यासाठी शहराबाहेर जाण्याची गरज नाही.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गांधीसागर तलावाजवळच्या त्या जागेवर आता मॉल उभा आहे. या गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. सरकारने तसा कायदा करायला त्यानंतर जवळजवळ तीन दशके घेतली. तेव्हा नागपूरच्या कामगाराला बोट तुटले तर काहीतरी मिळते, हे देशातल्या बहुतेक कामगारांच्या आधी कळले होते. मात्र शब्द पाहा: अपघात. यंत्रात हात जाणे, पट्टा तुटून अंगावर येणे. ज्याला तारीख आहे, वेळ आहे, साक्षीदार आहे, असे काही.

गिरणीतले सर्वांत मोठे दुखणे या व्याख्येत बसणारे नव्हतेच. ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ नाकातोंडात जाऊन छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. वैद्यकात याला बिसिनोसिस म्हणतात. या रोगाचे एक विलक्षण लक्षण आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्रास रोज होत नाही. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी होतो आणि पुढच्या दिवसांत कमी होत जातो. कारण शरीर एका दिवसाच्या विश्रांतीनंतर त्या धुळीला नव्याने प्रतिक्रिया देते. आता हे हजेरीपटाच्या बाजूने पाहा. रविवारी सुट्टी, सोमवारी हा माणूस म्हणतो छाती भरून आली, मंगळवारी जरा बरा, बुधवारी ठीक. कोणत्याही जॉबरला काय वाटेल? रविवारची उतरली नाही! रोगाचे नेमके लक्षण आणि कामचुकारपणाचे नेमके लक्षण इतके तंतोतंत एकसारखे असण्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. हा रोग पुढे भरपाईच्या यादीत आला, पण त्याआधी किती सोमवारी किती माणसांचा खाडा लागला असेल, ते मोजायला कोणी नव्हते.

१९२३ चा कामगार भरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तो ब्रिटनच्या १८९७ च्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेला होता आणि त्याचा सांगाडा आजही फारसा बदललेला नाही. (केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. मी इथे जुनीच नावे वापरतो आहे, कारण ज्या निकालांबद्दल बोलायचे ते सगळे जुन्या कलमांवरचे आहेत.) या कायद्याचे तिसरे कलम दोन दारे उघडते. पहिले दार अपघाताचे. दुसरे दार व्यवसायजन्य रोगांचे, ज्यांची यादी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दिली आहे: शिसे, पारा, आर्सेनिक, मँगनीज यांची विषबाधा, आवाजाने येणारे बहिरेपण, धुळीने होणारे फुप्फुसाचे रोग, अतिउष्ण आणि अतिशीत हवामानाचे परिणाम, इतकेच काय बर्फाळ प्रदेशात येणारे हिमांधत्वसुद्धा. यादी बरीच लांब आहे. तिच्यात कंबर नाही, मान नाही, खांदा नाही, गुडघा नाही.

आणि यादीबाहेरच्या रोगांचे काय? त्याच कलमाचे चौथे उपकलम सांगते की असा रोग एखाद्या विशिष्ट अपघाताच्या दुखापतीतूनच थेट उद्भवला असल्याशिवाय भरपाई नाही. माझ्या मते या सबंध विषयाची किल्ली या एका वाक्यात आहे. पोते उचलताना पाय घसरला, मणक्यात कळ आली, बाजूला दोघे उभे होते, तर तो अपघात. तेच पोते अकरा वर्षे रोज शेकडो वेळा उचलले आणि मणका झिजला, तर ते काहीच नाही. कायद्याला क्षण कळतो, झीज कळत नाही. म्हणून अनुभवी कामगार नेत्याचा पहिला प्रश्न "कुठे दुखते?" असा नसतो, "कधी दुखावलं? तारीख सांग" असा असतो. बाहेरच्याला तो निष्ठुर वाटतो, पण सारा दावा त्या तारखेवर उभा राहायचा असतो.

झिजेला रोग मानताच येत नाही, असे मात्र नाही. जर्मनीने १९९३ मध्ये आपल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत दोन नव्या नोंदी घातल्या. २१०८ क्रमांकाची नोंद वर्षानुवर्षे जड ओझी उचलल्याने किंवा कमरेत अतिशय वाकून काम केल्याने होणाऱ्या कंबरेच्या मणक्याच्या चकत्यांच्या विकारासाठी आणि २११० क्रमांकाची नोंद बसल्या जागी अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांमुळे होणाऱ्या त्याच विकारासाठी. अटी कडक आहेत आणि अनेक दावे फेटाळलेही जातात, पण रांगेत उभे राहायला निदान एक खिडकी आहे. ब्रिटनच्या यादीत खाणकामगारांच्या सुजलेल्या गुडघ्याला आणि कोपराला फार जुनी जागा आहे.

हादऱ्यांचा विषय नागपूरला दूरचा नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय इथे, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचे मुख्यालय इथे, भारतीय खाण ब्यूरो इथे. खाणकामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही इथेच होती. १९९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था २०१९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. या संस्थेच्या संशोधकांनी खाणीतल्या डंपरचालकांच्या आसनाशी कंपनमापक लावून मोजमापे घेतली आणि त्यांच्या कंबरदुखीचाही अभ्यास केला. त्यामागचे शास्त्र साधे आहे. उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ८ हेलकावे बसले की मणक्याचा स्तंभ त्या तालात सापडतो आणि आसनाला बसणारा हादरा कंबरेत वाढून पोहोचतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की तो उंच जातो, तसेच. खाणीतल्या खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या अवजड गाडीचे हेलकावे बरेचसे याच टप्प्यात येतात. म्हणजे कारण ठाऊक आहे, मोजता येते, त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आपल्याच शहरात मोजलेही गेले. परिशिष्टात मात्र ते आले नाही.

वैद्यकाची बाजूही सरळ नाही, हे कबूल केले पाहिजे. कामगाराला वाटते, एमआरआय काढला की सगळे सिद्ध होईल. होत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्याच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होते. दुखणे मात्र कोणालाच नव्हते. उलटही घडते. कंबर मोडून पडलेल्या माणसाचे चित्र स्वच्छ निघते. याचा व्यवहारातला परिणाम असा की चित्रात झीज दिसली तर मालक म्हणतो, "हे तर वयाचं आहे," आणि दिसली नाही तर म्हणतो, "काहीच निघालं नाही." दोन्ही वेळा कामगार हरतो.

म्हणून वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारताना एक टीप जोडली, ती मला फार महत्त्वाची वाटते. तिचा आशय असा की एखादा माणूस मला वेदना होते असे सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. वैद्यकाने इथवर मजल मारली. हजेरीपटाला अजून ती मारायची आहे.

*

आता विमा योजनेकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि १९५४ मध्ये योजना नागपुरात आली. तेव्हा हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. आज महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारपणात ठरावीक दिवसांपर्यंत ७० टक्के, कामावरच्या दुखापतीत ९० टक्के मजुरी मिळते. योजनेच्या दवाखान्यांना नावे ठेवणे हा नागपूरकरांचा आवडता उद्योग आहे आणि त्याला कारणेही आहेत. पण खाजगीत मणक्याच्या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक एकदा हातात पडले की त्याच रांगेत माणूस मुकाट उभा राहतो.

या कायद्याचे ७३ वे कलम आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना, किंवा विम्याच्या डॉक्टरच्या उपचाराखाली असताना, मालकाने त्याला काढू नये, पदावनत करू नये, शिक्षा करू नये. वाचायला किती भक्कम! पण साठच्या दशकात मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटक गिरणीतल्या एका कामगाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तो रजा संपल्यावर परतला नाही आणि नंतर आजारपणाचा दाखला घेऊन आला. गिरणीच्या स्थायी आदेशांत नियम होता: इतके दिवस परवानगीविना गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपली असे समजावे. न्यायालयाने गिरणीची बाजू मान्य केली. ७३ वे कलम शिक्षेपासून वाचवते. इथे शिक्षा झालेलीच नाही, नियमाप्रमाणे नोकरी आपोआप संपली, असा त्या निकालाचा रोख होता.

या निकालाने दुखण्याचे रूपांतर गैरहजेरीत करण्याची वाट मोकळी केली, असे माझे स्पष्ट मत आहे. कंबर दुखते म्हणून माणूस गावी जातो, तिथे हाडवैद्याकडे मालीश करून घेतो, आठ-पंधरा दिवस पडून राहतो. परत येतो तो फाटकावर. चौकीदार सांगतो, साहेबांना भेटा. आपल्याकडे याला ‘गेट बंद’ म्हणतात. त्याने कोणाला फसवलेले नसते; त्याने फक्त विम्याच्या डॉक्टरचा कागद वेळेत घेतलेला नसतो. हाडवैद्याची मालीश कितीही गुणकारी असली तरी तिला शिक्का नसतो.

पुढच्या काळात न्यायालयांनी ही वाट बरीच अरुंद केली. १९८२ मध्ये रेल्वेच्या एका कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गैरहजेरीसाठी हजेरीपटावरून नाव काढणे ही कामगारकपातच ठरवली. म्हणजे नोटीस आणि भरपाई आलीच. १९९३ मध्ये डी. के. यादव विरुद्ध जेएमए इंडस्ट्रीज या प्रकरणात आठ दिवसांहून अधिक गैरहजेरीमुळे ‘आपोआप’ गेलेली नोकरी न्यायालयाने परत दिली, निम्म्या थकीत पगारासह. चौकशी न करता, त्या माणसाचे म्हणणे न ऐकता नोकरी संपवणे म्हणजे त्याची उपजीविका हिरावणे होय, असे त्या निकालाचे सूत्र आहे. तो आजही कामगार न्यायालयांत रोजच्या रोज वापरला जातो.

मग मालकाने सरळ "तू आजारी आहेस म्हणून काढतो" असे का म्हणू नये? गंमत म्हणजे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने त्याला तशी सोय दिली होती. कामगारकपातीच्या व्याख्येतून ‘सततच्या अनारोग्यामुळे’ केलेली सेवासमाप्ती वगळलेली होती. म्हणजे धंदा बसला म्हणून काढले तर दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा आणि त्याच कारखान्यात शरीर झिजवून आजारी पडला म्हणून काढले तर तो द्यायचा नाही. हा उफराटा न्याय कोणाला कसा सुचला, कोण जाणे. तरी मालक हा रस्ता फारसा धरत नाहीत. कारण ‘सततचे अनारोग्य’ म्हटले की वैद्यकीय पुरावा आला, आणि पुरावा आला की हे अनारोग्य कुठून आले हा प्रश्न आला. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यातही अपंगत्वामुळे सेवा संपल्यास पाच वर्षांची अट लागू होत नाही. तेव्हा दुखण्याची नोंद न होण्यातच सोय असते.

*

कोळसा खाणींत चित्र पार उलटे आहे आणि ते सांगितल्याशिवाय विदर्भाची गोष्ट पुरी होत नाही. १९७३ मध्ये दगडी कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे राष्ट्रीय कोळसा वेतन करारांत एक तरतूद आली. कायम कामगार दुखापतीने किंवा रोगाने कायमचा अपात्र ठरला तर त्याच्या वारसाला नोकरी. ‘सर्वसाधारण शारीरिक दुर्बलता’ हेसुद्धा त्यात कारण म्हणून मान्य, वयाच्या ५८ वर्षांपर्यंत. उमरेड, सावनेर, वणी, बल्लारपूर या भागांत ‘मेडिकल अनफिट’ हा शब्द घराघरांत माहीत आहे. इथे बाप दुखणे लपवत नाही. उलट वैद्यकीय मंडळापुढे ते पटवून द्यायची धडपड करतो, कारण ते पटले तर पोराची ओळ लागते. साहजिकच मंडळाचे डॉक्टर प्रत्येक कण्हण्याकडे संशयाने पाहतात आणि खरोखर मोडलेल्या माणसाला दहा वेळा सिद्ध करावे लागते की आपण ढोंग करत नाही.

त्याच खाणीच्या काठावर ठेकेदाराचा डंपर चालवणारा पोऱ्या असतो. रस्ता तोच, हादरे तेच, पाळीही तेवढीच. त्याच्या कंबरेला वेतन कराराचे हे कलम लागू नाही. त्याने दुखते म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या आसनावर दुसरा बसलेला असतो. एका खड्ड्यात दोन प्रकारच्या कंबरा!

ठेका कामगाराची मुख्य अडचण कोर्टाच्या पायरीवरच सुरू होते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथांची यादी दिली. सूडबुद्धीने काढणे, धादांत खोट्या कारणाने काढणे, क्षुल्लक गोष्टीसाठी भयंकर शिक्षा देणे, हे सगळे तिच्यात आहे. तक्रारीची मुदत ९० दिवस. पण २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मालक आणि कामगार हे नातेच वादात असेल तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. आधी ते नाते दुसऱ्या मंचावर सिद्ध करून या. माझ्या शेजाऱ्यांच्या अकरा वर्षांत ठेकेदाराचे नाव तीनदा बदलले. सुपरवायझर तोच, यंत्र तेच, ट्रॉलीसुद्धा तीच. नाते कोणाशी सिद्ध करायचे?

ज्यांना हजेरीपटच नाही त्यांचे तर विचारूच नका. कामठीला विडीकाम फार जुने. तिथल्या बाबू हरदास एल. एन. यांनी, ज्यांचे नाव आपण ‘जय भीम’ या अभिवादनाशी जोडतो, विडी मजुरांचा संघ १९३० च्या दशकात उभा केला, तो ठेकेदाराच्या कचाट्यातून त्यांना सोडवण्यासाठी. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईची मान आखडते, बोटे बधिर होतात, हजारी पुरी होत नाही. तिला कोणी काढत नाही. तिला पाने आणि तंबाखू कमी मिळू लागतात आणि एक दिवस मिळत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट याहून भयंकर आहे. दुखण्याने बसली तर खाडा, खाडा झाला तर उचल फिटत नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तिथे दुखणाऱ्या अवयवालाच काढून टाकले जाते, कामावर राहता यावे म्हणून.

सरकारी आणि महामंडळाच्या नोकरीत मात्र एक भक्कम भिंत आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या आणि आता २०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमानुसार त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. दुसरे काम द्यायचे, पगार तोच ठेवायचा. तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचे. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाच्या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक असल्याचे सांगितले. २००८ मध्ये पंजाबच्या वीज मंडळातल्या आंधळ्या झालेल्या एका कामगाराने स्वतःच निवृत्ती मागितली होती, तरीही न्यायालयाने त्याला नोकरीत मानले. त्याला त्याचा हक्क कोणी सांगितलाच नव्हता, म्हणून. एसटीच्या चालकांना हे संरक्षण आहे. हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या खाजगी कारखान्यांत त्या भिंतीची एक वीटही नाही. आणि सरकारी भिंतही अपंगत्वाची आहे, दुखण्याची नाही. दुखणे अपंगत्वापर्यंत पोहोचेपर्यंत मधली जी वर्षे असतात, त्यांतच नोकऱ्या जातात.

तेव्हा व्यवहारात काय करावे, असे मी विम्याची आणि भरपाईची प्रकरणे चालवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांना विचारले. त्यांचे उत्तर तत्त्वज्ञानाचे नव्हते. म्हणाले, तोंडी सांगू नका. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहा. कुठे, कधी, काय उचलताना कळ आली ते लिहा. विमा असलेल्या प्रत्येक कारखान्यात अपघाताची नोंदवही ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, तिच्यात नोंद करायला लावा. नाही म्हटले तर नाही म्हटल्याचे लिहून ठेवा. त्याच दिवशी विम्याच्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरला दुखण्याबरोबर कामही सांगा, म्हणजे केसपेपरवर ‘वजन उचलताना’ हे शब्द येतील. रजा लागली तर विम्याच्या डॉक्टरचाच दाखला घ्या आणि तो मालकाला पोहोचल्याची पोच ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘हिशेब मिळाला’ असे लिहिलेल्या कागदावर तर वाचल्याशिवाय मुळीच नाही. विमा नसेल तर भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत.

हे सगळे ऐकून मी म्हटले, पण असे लिहून देणारा माणूस पुढच्या यादीत राहील का? ते थोडे थांबले. म्हणाले, "नाही राहणार कदाचित. पण मग तो का गेला, हे कुठेतरी लिहिलेलं राहील."

शेजारच्या गृहस्थांनी दवाखान्याचा केसपेपर मला दाखवला. पहिल्या भेटीच्या तारखेला डॉक्टरने घाईघाईत तीन शब्द लिहिले आहेत: कंबरदुखी, तीन महिने. कामाचा उल्लेख नाही, उचलण्याचा नाही. "तुम्ही सांगितलं नाही का काय काम करता ते?" मी विचारले. ते म्हणाले, "त्यानं विचारलंच नाही. अन् मागं लाइन केवढी होती."